पक्षकार क्रमांक एक: मारुती, राहणार कुडपण

सोमवार, ७ नोव्हेंबर १९६०. महाड
नवी वही. विशेष जमीन शाखेचा प्रमुख होऊन आज बरोबर दोन वर्षं झाली. शाखा म्हणजे मी आणि पांडू शिपाई. ऑफिस किराणा दुकानाच्या माडीवर, त्यामुळे सगळ्या फायलींना हिंगाचा वास. काम: सरकारी पडीक आणि गुरचरण जमिनीवरचे अर्ज. अंकलेश्वरला जमिनीतून तेल निघाल्यापासून आमच्याकडे 'खनिज तेल' ही एक बाब वाढली आहे. अलिबागच्या मोठ्या साहेबांचं परिपत्रक आहे की, ज्या शाखेत तेलाचं प्रकरण चालू असेल तिला जीप देण्याचा विचार होईल.
आजवर तेलाचा एकही अर्ज नाही. या भागातल्या लोकांना महत्त्वाकांक्षाच नाही.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. तपकीर बंद.

मंगळवार, ८ नोव्हेंबर
सातला उठलो. तपकीर सोमवारपासून. डबी अर्धी भरलेली आहे, टाकणं बरोबर दिसत नाही.

बुधवार, ९ नोव्हेंबर
ऑफिसच्या जिन्यावर एक म्हातारी येऊन बसली आहे. ठमाबाई, राहणार कुडपण, पोलादपूरच्या वरचं डोंगरावरचं गाव. गावाला गुरचरणीत विहीर खणायची परवानगी हवी. १९५४ पासून सात अर्ज. सातही माझ्या कपाटात व्यवस्थित आहेत, आठवा ती घेऊन आली आहे. प्रकरण विचाराधीन आहे असं तिला समजावून सांगितलं. म्हणाली, इचार करा की भाऊसाहेब, मी हितं बसते तवर. झरा पार दरीत हाय, एका हंड्याला दीड तास लागतो, गेल्या उन्हाळ्यात सून हंड्यासकट घसरली, पाय मोडला तो अजून सरळ नाय. यंदा मे लागायच्या आत विहीर पायजे.
सगळ्यांना सगळं मेच्या आत पाहिजे असतं.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर
अजून जिन्यावरच. खालचा किराणावाला तिला चहा पाठवतो. मला नाही पाठवत. आज दोन माणसं माझ्याकडे न येता तिच्याकडेच अर्जाची चौकशी करून परत गेली. तिने माहिती बरोबर दिली, हे जास्त वाईट.
निर्णय: स्थळपाहणी करून टाकायची. म्हणजे 'पाहणी झाली, प्रकरण विचाराधीन' असं लिहिता येईल.

रविवार, १३ नोव्हेंबर. कुडपण. सकाळी ८
काल एस.टी.ने पोलादपूर, तिथून चढण. ठमाबाई पुढे, मी मध्ये, पांडू माझी वळकटी घेऊन मागे. चार तास. म्हातारी तीनदा थांबून माझी वाट बघत होती. मी निसर्ग बघत होतो. मुक्काम सोनबांच्या पडवीत. सोनबा गावचे पुढारी, सातही अर्जांवर पहिला अंगठा त्यांचा.
आत्ता जागा पाहिली. मारुतीच्या चौथऱ्याखाली दोन हात उतारावर गावाने कंबरभर खड्डा खणून ठेवला आहे. तळाशी ओल. त्या ओलीवर तेल! बोट लावून पाहिलं. बुळबुळीत. रंग किंचित तांबूस.

त्याच दिवशी, सकाळी ९
सोनबांना विचारलं. ते म्हणाले, ते होय? काल शनवार नाय का, मारुतीला गावानं तेल वाहिलं, ते चौथऱ्यावरनं वघळून खड्ड्यात येतं. त्यात काय बघायचंय.
मनातल्या मनात हसलो. भोळी माणसं. अहो, पण मारुतीला तेल वाहायची रूढी नेमकी याच जागी का पडली? कारण इथे जमिनीत तेल आहे हे पूर्वजांना ठाऊक होतं. रूढीच्या मुळाशी भूगर्भशास्त्र असतं. हे वाक्य कुठेतरी छापून आलं पाहिजे.

सोमवार, १४ नोव्हेंबर. महाड
धडाक्यात काम. कुडपणला हुकूम: खणणं बंद, जमिनीखालचं तेल सरकारचं. विहिरीचा आठवा अर्ज तेलाच्या बाबीत वर्ग केला. अलिबागला अर्जंट पत्र. जीपची मागणी वेगळ्या कागदावर.
ठमाबाईला म्हटलं, आजी, तुमच्या गावाचं नशीब उघडलं, तिथे तेल आहे. ती म्हणाली, तेल पिऊन ऱ्हायचं का रे बाबा आमी? आणि उठून गेली. जिना एकदम मोकळा दिसतो.
घरी आल्यावर बायकोला, सुमेधेला जीपचं सांगितलं. तिने विचारलं, चालवणार कोण? शंका रास्त आहे. संकल्प: ड्रायव्हिंग शिकणे.

रविवार, २० नोव्हेंबर
ड्रायव्हिंगची प्रॅक्टिस. आरामखुर्ची ही सीट, उजवीकडे सुपारीचा डबा म्हणजे ब्रेक, छत्रीची मूठ म्हणजे गिअर. वरंधचा घाट तीनदा चढलो आणि उतरलो. सुमेधा डाळ निवडत बसली होती. तिसऱ्या वळणावर म्हणाली, मला बाजारात उतरवा. स्त्रियांना विज्ञानाची थट्टा सुचते.

गुरुवार, ८ डिसेंबर
अलिबागचं उत्तर आलं! मोठे साहेब 'interested' आहेत. हा शब्द त्यांनी इंग्रजीत लिहिला आहे. खड्ड्याचं रोज निरीक्षण करून तक्ता पाठवावा. पांडूला कुडपणला ठेवला. त्याची सासुरवाडी तिथलीच, सबब आनंदाने गेला.

सोमवार, २६ डिसेंबर
पांडू पंधरा दिवसांचा तक्ता घेऊन उतरला. वजन वाढलेलं दिसतं. तक्ता असा: शनिवारी संध्याकाळी तेल सुरू, रविवारी भरपूर, सोमवारी कमी, बुधवारपर्यंत शून्य. पुन्हा शनिवारी सुरू. दोन्ही आठवडे बिनचूक!
मी त्याला 'साप्ताहिक भूगर्भीय दाब' असं नाव दिलं आहे. जगात कुठेही याची नोंद नसावी. पांडू डोकं खाजवत म्हणाला, भाऊसाहेब, शनवारी देवाला... मी तिथेच थांबवलं. शिपायाने आकडे आणावेत, निष्कर्ष काढू नयेत.

मंगळवार, १० जानेवारी १९६१
परवान्याचा फॉर्म भरतोय. सतरा रकाने. नवव्यात अडलो: 'जागेवर वहिवाट असलेल्या व्यक्ती'. जागेवर वहिवाट एकाचीच, मारुतीची. कित्येक पिढ्यांची. त्याला नोटीस दिल्याशिवाय परवाना दिला तर उद्या कोर्टात प्रकरण उलटायचं. मी कच्च्या गुरूचा चेला नाही.
नोटीस तयार केली. नाव: मारुती. बापाचं नाव: वायू. धंदा: देव. राहणार: चौथरा, कुडपण. वयाच्या रकान्यात बराच विचार करून 'चिरंजीव' लिहिलं. मुदत तीस दिवस.

सोमवार, १६ जानेवारी
नोटीस बजावली गेली. पक्षकाराने हातात घेतली नाही, म्हणून पांडूने पंचांसमक्ष छातीवर चिकटवली. वेगळी खळ लागली नाही, शेंदुरावर आपोआप बसली. पंचनाम्यावर सोनबांचा अंगठा. अंगठ्याला तेल.

गुरुवार, १६ फेब्रुवारी
मुदत संपली. पक्षकाराकडून उत्तर नाही. एकतर्फी निकाल देणार होतो, पण हरिभाऊ वकिलांनी बाजारात गाठून सांगितलं की, देव हा कायद्याने अज्ञान असतो. कायमचा. लहान मुलासारखा. त्याच्यातर्फे पालकाने बोलायचं असतं. हे सांगताना ते सारखा रुमाल तोंडाला लावत होते. सर्दी असावी.
मारुतीचा पालक म्हणजे मुरारी गुरव. त्याला निरोप धाडला. त्याचा उलट निरोप: शनवारी या, देवाला कौल लावून इचारू.

शनिवार, १८ फेब्रुवारी. कुडपण. संध्याकाळ
अंग मोडून आलं आहे, तरी लिहितो.
सगळं गाव चौथऱ्यापाशी जमलेलं. मुरारीने मारुतीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मुरारीने गाऱ्हाणं घातलं: म्हाराजा, सरकारला हितनं तेल काढायचंय, काढू देतोस का? डावी पाकळी पडली. ताबडतोब. मी फेरविचाराचा अर्ज केला. पुन्हा डावी.
मग ठमाबाई मुरारीच्या कानाशी लागली. मुरारीने पुन्हा गाऱ्हाणं घातलं: भाऊसाहेबांनी सोताच्या हातानं झऱ्यावरनं हंडा आणून तुला आंघोळ घातली, तर पायजे तितकं खोल खणू देशील का? उजवी पाकळी अशी पडली की जणू वाटच बघत होती.
झरा कुठे आहे हे मला पाहणीत कोणी दाखवलं नव्हतं. (मी विचारलं नव्हतं, असं पांडू म्हणतो.) उतरायला अर्धा तास. वर यायला दीड. मधल्या घसरणीपाशी ठमाबाई म्हणाली, हितंच पडली माजी सून, जरा कडेनं ये. मी कडेने गेलो आणि पडलो. हंडा पुन्हा भरला. वर पोचलो तेव्हा हंड्यात तांब्याभर पाणी होतं. म्हातारीच्या डोक्यावर दोन हंडे, दोन्ही काठोकाठ, आणि वर माझी टोपी. मारुतीची आंघोळ तांब्यातच उरकली. देवाने चालवून घेतली.

सोमवार, २० फेब्रुवारी. महाड
रजेवर. सुमेधा पाठीला शेक देते. तिला म्हटलं, तिथल्या बायका रोज चार खेपा करतात. ती म्हणाली, मग त्यांना विहीर का देत नाही? मी म्हटलं, तेलाचा प्रश्न राष्ट्रीय आहे. ती शेकाची पुरचुंडी तिथेच ठेवून आत गेली.
रिपोर्ट पाठवला: 'पक्षकार क्रमांक एक यांनी पालकामार्फत सशर्त संमती दिली. शर्त पुरी केली.'

सोमवार, १३ मार्च
परवाना आला!! चाळीस फूट खोल परीक्षण-खड्डा, स्थानिक मजुरीने. एकूण अकरा अटी. दहापर्यंत वाचल्या, मग पोलादपूरची एस.टी. लागली. अकरावीही तसलीच काहीतरी असणार.

सोमवार, २० मार्च. कुडपण
या गावाबद्दल माझं मत पार बदललं. परवान्याचा कागद वाचून दाखवला तेव्हा सोनबांनी एकच विचारलं, चाळीस फूट म्हंजे चाळीस फूट ना, मधीच थांबवायचं नाय? नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत साठ माणसं खड्ड्यात. मुंबईच्या गिरणीतले चारजण रजा काढून आले आहेत. बायका पाट्या उचलतात. सून लंगडत माती ओढते. हे राष्ट्रप्रेम! तेलासाठी!
कामही किती नीटस. कडेने दगडी बांधकाम घेतलं आहे. आत उतरायला पायऱ्या. विचारलं तर म्हणाले, तुमच्या सायबांला उतराया. वर रहाट बसवायला दोन खांब रोवले आहेत. तेल शेंदायला लागेलच. मी सांगितलंसुद्धा नव्हतं.
उद्घाटनाचं भाषण लिहायला घेतलं. दगडावर कोरायचा मजकूरही: 'तेलविहीर क्रमांक एक. संशोधक: शरच्चंद्र.' आडनाव जागा उरली तर.

रविवार, २ एप्रिल. कुडपण. सकाळी ७
तेल!!! आजवरचं सगळं फिकं. चौतीस फुटांवर तळाला बोटभर थर! काल शनिवार, त्यात हनुमान जयंती, गाव रात्रभर भजनात होतं, त्यामुळे त्यांचं लक्ष नव्हतं. दाब नेमका त्याच सुमारास फुटलेला दिसतो. बाटलीत भरून सील केली. पांडूला धावत पोलादपूरला धाडलं: साहेबांना तार, बाटली प्रयोगशाळेला.
आनंदाने सोनबांना मिठी मारली. त्यांचे कपडेही तेलकट.

शनिवार, ८ एप्रिल. महाड
कुडपणहून निरोप. अडतीस फुटांवर पाणी लागलं. कमरेएवढं, गोड, थांबत नाही. गावात गूळ वाटला.
अडथळा तात्पुरता आहे. पाण्याखाली तेल असतं.

रविवार, ९ एप्रिल. कुडपण
रात्री निघून आलो. आज रविवार, तरी तेल शून्य. सोनबांना विचारलं. म्हणाले, पानी लागलं म्हनून काल चौथऱ्याच्या खालती आडवा दगड लावला, तेल आता पल्याडच्या बाजूस जातं. प्यायाचं पानी हाय ना.
तो दगड बराच वेळ बघत उभा होतो. साधाच दगड. हातभर लांब.
साप्ताहिक दाबाचं काय झालं असावं?

सोमवार, १७ एप्रिल
मोठे साहेब येऊन गेले. पोलादपूरपर्यंत जीपने, पुढे चालत. जीप पाहिली. हिरवी. हात लावला. ड्रायव्हरने लावू नका म्हटलं.
साहेबांनी विहिरीत वाकून पाहिलं, तेल कुठाय विचारलं. मी तक्ता पुढे केला. त्यांनी तक्ता पाहिला, मग मारुतीकडे पाहिलं, मग आडव्या दगडाकडे, मग माझ्याकडे. सगळं मिळून मिनिटभर. ठमाबाईने तांब्या दिला. दोन तांबे प्यायले. म्हणाले, पाणी उत्तम. आणि उतरायला लागले.

सोमवार, २४ एप्रिल
प्रयोगशाळेचा रिपोर्ट: 'नमुना कारळ्याच्या खाद्य तेलाचा आहे. शेंदराचा अंश. उडदाचे तीन दाणे. भजी तळण्यास योग्य नाही.'
उडीद जमिनीखाली चौतीस फूट कसे गेले असतील?
सुमेधेला सांगितलं नाही. तिला नोव्हेंबरपासून माहीत होतं.

बुधवार, २६ एप्रिल
अलिबागचा हुकूम. परवान्याची अट अकरा: 'तेल न आढळल्यास खड्डा पंधरा दिवसांत बुजवून जमीन पूर्ववत करावी.' तारखेनिशी पूर्तता कळवावी. न केल्यास प्रमुखावर शिस्तभंगाची कारवाई. प्रमुख म्हणजे मी.
अट वाचायला हवी होती. पण एस.टी. लागली होती हेही खरं आहे.
हुकूम तो हुकूम. उद्या जाऊन बुजवायला लावणार. सरकारी माणसाला भावना नसतात.

शनिवार, २९ एप्रिल. कुडपण
दुपारी बाराला पोचलो. रहाट चालू. सून शेंदत होती. पाय वाकडा, पण उभ्या उभ्या शेंदायला अडचण नाही. हंडा भरला, दहा पावलं चालून घरात गेली, परत आली. फक्त दहा पावलं. मी मोजली. दगड बसवला आहे. त्यावर: 'मारुतीची विहीर. समस्त कुडपण.' माझं नाव नाही. आडनावालासुद्धा भरपूर जागा होती.
ठमाबाईने पाणी दिलं. म्हणाली, बस रे बाबा, दमलास, मेच्या आत झाली बघ. हुकूम खिशात होता. काढणार होतो. खिसा घामाने भिजलेला, कागद फाटला असता, म्हणून काढला नाही.
खरं लिहितो. लाज वाटली. ही वही दुसरं कोणी वाचत नाही. सात वर्षांचे सात अर्ज माझ्या कपाटात होते आणि ती बाई मला बस म्हणत होती.
त्यानंतर विहिरीत वाकून पाहताना ऑफिसच्या कपाटाची किल्ली वरच्या खिशातून पडली. अपघात. पांडू म्हणाला, उतरून काढतो. मी म्हटलं, राहू दे.

मंगळवार, २ मे. महाड
अलिबागला उत्तर लिहिलं. दोन वर्षांतलं माझं सर्वांत चांगलं पत्र:
'खड्डा बुजवण्यापूर्वी पक्षकार क्रमांक एक यांस नोटीस देणे भाग आहे. सदर पक्षकार कायद्याने अज्ञान आहेत. सबब ते सज्ञान झाल्यावर नोटीस बजावून पुढील कारवाई करण्यात येईल. वयाचा रकाना पाहावा. मूळ कागद कपाटात असून किल्लीचा शोध चालू आहे. तोपर्यंत प्रकरण विचाराधीन.'
हुकूम कपाटाच्या दारांच्या फटीतून आत सरकवला. तो सात अर्जांवर जाऊन पडल्याचा आवाज आला.

सोमवार, २९ मे
अलिबागहून तीन कागद. एक: माझ्या सेवापुस्तकात ताशेरा. दोन: शाखेच्या कामातून 'खनिज तेल' ही बाब कमी. तीन: जीपची मागणी नामंजूर, त्याऐवजी उन्हाळ्याकरिता एक माठ मंजूर.
माठ पाझरतो.

शुक्रवार, २ जून
सकाळी सुपारीचा डबा पुन्हा सुपारीला दिला. छत्री दुरुस्तीला टाकली. पावसाळा आला.
अकराला ऑफिस. ठमाबाई जिन्यावर. कुडपणहून कळशीभर पाणी घेऊन आली आहे, माझ्या माठासाठी. आणि एक अर्ज. गावाला पोलादपूरपर्यंत बैलगाडीची वाट पाहिजे, सुनेला पायाच्या इलाजाला खाली न्यायचंय. मी म्हटलं, आजी, रस्त्याची प्रकरणं फार लांबतात.
ती म्हणाली, ते ठावं हाय, म्हनून तर आलेय. वाटेत कुठं तेल दिसतंय का बघा की, भाऊसाहेब.
खालून चहा आला. दोन कप. पांडूला वळकटी बांधायला सांगितली. उद्या शनिवार, स्थळपाहणी. चालत.